सी प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज ठेवायच्या कुठे आणि कशा?

निळा_कर्सर

मंडळी, एका सी प्रोग्रॅमची देखभाल सध्या माझ्याकडे आहे. नेटवर्कवरून सेन्सरची रीडिंग घ्यायची, त्यातला कचरा गाळायचा आणि उरलेलं फाइलमध्ये लिहायचं, एवढंच त्याचं काम. चालतो उत्तम. अडचण सेटिंग्जची आहे. पोर्ट नंबर एका हेडरमध्ये (बाकीच्या फाइल्सना जोडायची सामाईक फाइल) हॅश डिफाइन (कंपाइल करतानाच पक्का होणारा आकडा) आहे, टाइमआउट दुसऱ्या हेडरमध्ये, आणि लॉग फाइलचा पाथ तर फाइल उघडणाऱ्या एफओपनच्या थेट कंसात लिहिलेला आहे. वापरणाऱ्याला पोर्ट बदलून हवा असला की मी कोड बदलतो, कंपाइल करतो आणि नवी बायनरी पाठवतो. हे आता थांबवायचं आहे.

माझ्या मनात असं आहे की सगळ्या सेटिंग्ज ग्लोबल (सगळ्या कोडला दिसणारे) व्हेरिएबल म्हणून एका हेडरमध्ये आणायच्या आणि सुरुवातीला एक फाइल वाचून त्यात भरायच्या. पण ग्लोबल म्हटलं की लोक नाक मुरडतात. मग स्ट्रक्ट (अनेक व्हॅल्यूंचा एक गठ्ठा) करून प्रत्येक फंक्शनला देत बसायचं का? फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू? शिवाय कॅलिब्रेशनचे दोन आकडे प्रोग्रॅम स्वतःच मोजतो, तेही बंद करून परत चालू केल्यावर टिकले पाहिजेत. लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे चालायला हवं. तुम्ही लोक हे कसं करता, जरा सविस्तर सांगा.

जुना_टर्मिनल

फाइल, फॉरमॅट वगैरे नंतर बघू. आधी जे काही हॅश डिफाइन आहे ते सगळं समोर घेऊन त्याची वाटणी करा, कारण त्यातलं बरंचसं सेटिंग नसतंच. पॅकेटच्या हेडरची लांबी, प्रोटोकॉलचा आवृत्ती क्रमांक, आतल्या बफरचा आकार या गोष्टी वापरणाऱ्याने बदलल्या तर प्रोग्रॅम मोडेल. त्या कोडमध्येच राहू द्या. तिथे हॅश डिफाइन किंवा एनम (नाव दिलेले पूर्णांक) हेच बरोबर, कारण सीमध्ये स्टॅटिक कॉन्स्ट इंट हा कॉन्स्टंट एक्स्प्रेशन (कंपाइल करतानाच ठरणारी किंमत) धरला जात नाही. फाइल पातळीवरच्या ॲरेचा आकार त्याने देता येत नाही. सी२३ या भाषेच्या नव्या प्रमाणात त्यासाठी कॉन्स्टएक्स्प्र आलं आहे, पण तुमचे सगळे कंपायलर तिथवर पोचले आहेत का ते बघून घ्या.

दुसरा गट पोर्ट, टाइमआउट, लॉगचा पाथ यांचा. या खऱ्या सेटिंग्ज. माणूस बदलतो, प्रोग्रॅम वाचतो.

तिसरा गट तुमच्या कॅलिब्रेशनचा, आणि तो मुद्दाम वेगळा काढा. ती सेटिंग नाही, स्थिती आहे. ती प्रोग्रॅम लिहितो, माणूस लिहीत नाही. दोन्ही एकाच फाइलमध्ये कोंबल्या की प्रोग्रॅम फाइल परत लिहिताना माणसाने घातलेल्या कॉमेंट्स आणि ओळींचा क्रम घालवतो. रेडिस या डेटाबेसने कॉन्फिग रीराइटच्या कमांडमध्ये मूळ फाइलची रचना आणि कॉमेंट्स शक्य तितक्या जपण्याची सोय केली आहे, पण त्यासाठी बराच कोड लिहावा लागतो. दोन आकड्यांसाठी तेवढा खटाटोप करू नका. वेगळी फाइल ठेवा.

आणि ग्लोबल व्हेरिएबलची व्याख्या हेडरमध्ये करू नका. हेडरमध्ये फक्त एक्स्टर्न (व्याख्या दुसरीकडे आहे एवढी घोषणा), व्याख्या एकाच सी फाइलमध्ये. पूर्वी जीसीसी हा कंपायलर किंमत न दिलेल्या अशा व्याख्या गुपचूप एकत्र करायचा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ते डीफॉल्टने बंद आहे आणि लिंक करताना ‘मल्टिपल डेफिनिशन’ची एरर येते.

अनुस्वार

टर्मिनलरावांची वाटणी पटली. दुसऱ्या गटाबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथेच आहे.

एक स्ट्रक्ट करा, त्यात सगळ्या सेटिंग्ज. त्याच्याशेजारी, त्याच सी फाइलमध्ये, एक कोष्टक करा. कोष्टकाची एक ओळ म्हणजे एक सेटिंग: फाइलमधलं नाव, प्रकार (पूर्णांक, होय-नाही, मजकूर), ऑफसेटऑफने मिळणारं स्ट्रक्टमधलं स्थान, किमान, कमाल, डीफॉल्ट, आणि एका वाक्यात ती कशासाठी आहे ते. मग डीफॉल्ट भरणारं फंक्शन हेच कोष्टक फिरतं. फाइल वाचणारं, मदत छापणारं आणि चालू व्हॅल्यू दाखवणारं फंक्शनही तेच फिरतं. नवी सेटिंग घालायची तर स्ट्रक्टमध्ये एक फील्ड आणि कोष्टकात एक ओळ. एक्स-मॅक्रो वापरला तर दोन्ही एकाच यादीतून निघतात, पण तो कोड नव्या माणसाला वाचायला जड जातो आणि डीबगरमध्येही त्रास देतो. सेटिंग्ज पन्नासच्या आत असतील तर मी साधं कोष्टकच ठेवते.

बहुतेक प्रोग्रॅममध्ये काय दिसतं? एकामागून एक, मजकूर जुळतो का ते बघणाऱ्या एसटीआरसीएमपीची इफ-एल्सची साखळी. नाव एकीकडे, डीफॉल्ट दुसरीकडे, मर्यादा तपासायची राहूनच गेलेली, आणि मदतीच्या मजकुरात दोन आवृत्त्यांपूर्वीचा डीफॉल्ट. कोष्टकामुळे या गोष्टी एकमेकींपासून फुटून जात नाहीत.

आता भरायचं कसं. चालू स्ट्रक्टमध्ये थेट भरू नका. नवी प्रत घ्या, तिच्यात डीफॉल्ट भरा, त्यावर फाइल वाचा, मग पूर्ण प्रत तपासा. पूर्ण म्हणते कारण काही नियम दोन सेटिंग्ज मिळून होतात. वाचनाचा टाइमआउट एकूण टाइमआउटपेक्षा लहान हवा, असला नियम एकेका ओळीवरून कळत नाही. सगळं जुळलं तरच ती प्रत चालू करा आणि बाकीच्या कोडला तिचा कॉन्स्ट पॉइंटर (फक्त वाचू देणारा मेमरीतला पत्ता) द्या. कॉन्स्टमुळे कुणी चुकून मध्येच टाइमआउट बदलायला गेलं तर कंपायलरच हटकतो.

मजकुराच्या व्हॅल्यूंना जपा. ओळ वाचायच्या बफरमध्ये बोट दाखवणारा पॉइंटर स्ट्रक्टमध्ये ठेवला तर पुढची ओळ वाचताच तो मजकूर बदलतो. स्ट्रडप या फंक्शनने मजकुराची स्वतःची प्रत करा आणि तिची मेमरी मोकळी कुणी करायची तेही ठरवा. डीफॉल्ट मजकूर स्ट्रिंग लिटरल (कोडमध्येच लिहिलेला मजकूर) असतो, तो मेमरी मोकळी करणाऱ्या फ्रीला देता येत नाही. म्हणून डीफॉल्टचीसुद्धा स्ट्रडपनेच प्रत करायची, म्हणजे मोकळं करणारा कोड एकसारखा राहतो.

लिंकर_फेल

अनुस्वारताई, कोष्टकाला माझी शंभर टक्के संमती. पण कॉन्स्ट पॉइंटर प्रत्येक फंक्शनला द्यायचा हे मला जड वाटतं. चार पातळ्या आतल्या फंक्शनला लॉगचा पाथ हवा म्हणून वरच्या तिघांच्या सहीत एक पॅरामीटर वाढवायचा? वाचनापुरता ग्लोबल काय वाईट आहे? स्ट्रक्ट सेटिंग्जच्या सी फाइलमध्ये स्टॅटिक ठेवा आणि बाहेर एकच फंक्शन द्या, जे कॉन्स्ट पॉइंटर परत करतं. लिहिण्याचा हक्क एका फाइलकडे, वाचायला सगळे मोकळे.

अनुस्वार

@लिंकर_फेल, लहान प्रोग्रॅमला हे चालतं, आणि उघड्या ग्लोबलपेक्षा कितीतरी बरं. अडतं ते टेस्टच्या वेळी. गाळणीच्या फंक्शनची टेस्ट लिहायची आणि त्यासाठी आधी पूर्ण सेटिंग्ज उभ्या करायच्या, हे लवकरच नकोसं होतं. पण पूर्ण स्ट्रक्ट प्रत्येकाला द्यावं असं माझंही म्हणणं नाही. मोठ्या स्ट्रक्टच्या आत लहान स्ट्रक्ट करा: लॉगचं एक, नेटवर्कचं एक, गाळणीचं एक. लॉगरला सुरू होताना फक्त लॉगच्या सेटिंग्ज मिळतात आणि तो त्या स्वतःजवळ ठेवतो. मग चार पातळ्या आतून पाथ मागायची वेळच येत नाही, कारण आतलं फंक्शन लॉगरशी बोलतं, सेटिंग्जशी बोलत नाही. खोल आतल्या फंक्शनला सेटिंग्ज लागत असतील तर बहुतेक वेळा ते दोन कामं करत असतं.

लिंकर_फेल

लॉगरचं पटलं. नव्या कोडला हेच करेन. जुन्या कोडमध्ये मात्र आधी एका फंक्शनमागे सगळं आणावं आणि मग एकेक मॉड्यूल सोडवत जावं, निळ्या कर्सरला माझा सल्ला हाच.

तिरकी_मात्रा

फॉरमॅटबद्दल अजून कुणी बोललं नाही. जेसन हा माहिती लिहायचा फॉरमॅट का नको? सीजेसनसारखी लायब्ररी आहे, एक सी फाइल आणि एक हेडर टाकलं की काम झालं.

जुना_टर्मिनल

जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही, माझ्यासाठी विषय तिथेच संपतो. सेटिंग्जची फाइल माणूस वाचतो. हा टाइमआउट ३० का केला, जुनं यंत्र उशिरा उत्तर देतं म्हणून, हे त्या ओळीच्या डोक्यावर लिहायला जागा पाहिजे. शिवाय शेवटच्या घटकानंतरचा एक स्वल्पविराम जास्त झाला की पूर्ण फाइल बाद.

निळ्या कर्सरच्या सेटिंग्ज सपाट आहेत: नाव आणि व्हॅल्यू, फार तर चौकटी कंसातले विभाग. त्याला आयएनआयसारखी साधी फाइल पुरते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट स्वतः सीमध्ये लिहिलेला आहे आणि त्याची कॉन्फिग फाइल याच घडणीची आहे. पार्सर स्वतः लिहायचा नसेल तर आयएनआयएच नावाची छोटी लायब्ररी आहे. फक्त तिच्यात ओळीची कमाल लांबी डीफॉल्टने २०० बाइट आहे, लांब पाथ असतील तर ती वाढवून घ्या. याद्या, घरात घर अशी रचना लागली तर टॉमल हा फॉरमॅट बघा, त्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये स्थिर झाली आहे. आणि सेटिंगमध्ये अटी आणि हिशेब लागायला लागले तर लुआ. ती भाषाच १९९३ मध्ये अशा कामातून जन्मली, तिच्या आधीच्या दोन छोट्या भाषा माहितीचं वर्णन आणि कॉन्फिगरेशन यांसाठीच होत्या. पण इथे तिची गरज दिसत नाही.

आयएनआय वाचणाऱ्या विंडोजच्या गेटप्रायव्हेटप्रोफाइलस्ट्रिंगच्या नादी लागू नका. मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रात ते १६ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी ठेवलंय असं म्हटलं आहे, आणि लिनक्सवर ते मिळणारही नाही.

तिरकी_मात्रा

कॉमेंटचा मुद्दा मान्य. एक वेगळी वाट मात्र नोंदवून ठेवतो. डीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर मुद्दामच फाइल वाचत नाही. कॉन्फिग डॉट एच बदला आणि परत कंपाइल करा, हीच त्याची पद्धत. पार्सर नाही, म्हणून पार्सरमधले दोषही नाहीत, आणि चुकीचा प्रकार दिला तर कंपायलर सांगतो. वापरणारा स्वतः सी जाणणारा असेल तर ही पद्धत फार स्वच्छ आहे. निळ्या कर्सरचे वापरणारे तसे नाहीत, एवढाच फरक.

शिरोरेषा

सगळे फॉरमॅटवर बोलतायत, पण सेटिंग्ज बिघडतात त्या मजकुराचा आकडा करताना. तिथे थोडं थांबूया.

समजा फाइलमध्ये कुणी मराठी कीबोर्डवरून लिहिलं, पोर्ट = ५०२०. डोळ्यांना अगदी बरोबर दिसतं. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) ‘५’ हा एक बाइट नाही, तीन आहेत: २२४, १६५, १७१. मजकुराचा आकडा करणारं एटूआय पहिल्याच बाइटला अडतं आणि शून्य परत करतं. तक्रार नाही, एरर नाही. शून्य पोर्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला ‘तूच एखादा रिकामा पोर्ट निवड’ असं सांगणं, म्हणून प्रोग्रॅम चालूही होतो आणि दर वेळी वेगळ्याच पोर्टवर ऐकत बसतो. शोधणारा नेटवर्कमध्ये शोधतो, फायरवॉलमध्ये शोधतो, आणि दोष असतो फाइलच्या एका ओळीत.

म्हणून एटूआय सेटिंग्जच्या कोडमध्ये नकोच. त्याच कामाचं स्ट्रटोल वापरा आणि चारही गोष्टी तपासा. एरनो (जिथे एररचा क्रमांक येतो ते व्हेरिएबल) आधी शून्य करा. एंडपॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते दाखवणारा पॉइंटर) सुरुवातीलाच राहिला असेल तर एकही अंक वाचला गेलेला नाही. एंडपॉइंटर शेवटी पोचला नसेल तर मागे काहीतरी शिल्लक आहे, जसं ‘३०सेकंद’. एरनो ईरेंज झाला तर संख्या लाँगमध्ये मावली नाही. त्यानंतर कोष्टकातली किमान-कमाल.

आधार १० असाच द्या. शून्य दिला तर ‘०१०’ हे ऑक्टल (आठच्या पायातली संख्या) समजून आठ होतं, आणि माणसं आकडे सरळ रांगेत दिसावेत म्हणून पुढे शून्य लावतात. बिनचिन्ह संख्यांचं स्ट्रटोयूएल वापरत असाल तर ते उणे एक आनंदाने घेतं आणि त्याचा प्रचंड मोठा आकडा करून देतं, म्हणून उण्याचं चिन्ह आधीच तपासा.

आणि चूक सांगणारा निरोप असा द्या की वाचणाऱ्याला फाइल उघडून थेट त्या ओळीवर जाता यावं:

सेटिंग्ज.आयएनआय, ओळ १४: ‘पोर्ट’ची व्हॅल्यू “५०२०” संख्या म्हणून वाचता आली नाही. इंग्रजी अंकांत १ ते ६५५३५ मधली संख्या हवी.

देवनागरी अंक स्वीकारावेत का, हा वेगळा निर्णय. ते ओळखणं सोपं आहे, पहिले दोन बाइट ठरलेले आणि तिसरा १६६ ते १७५. पण स्वीकारायचे तर सगळीकडे स्वीकारा. पोर्टला चालतात आणि टाइमआउटला नाही असं झालं की वापरणारा गोंधळतो.

याच बाइट्समुळे दुसरा खड्डाही आहे. ओळीच्या टोकांची मोकळी जागा काढताना अक्षर मोकळी जागा आहे का ते बघणाऱ्या इझस्पेसला आपण कॅर (एक बाइट) देतो. एक्स८६ वर साधा कॅर बहुधा साइन्ड (उणेही होऊ शकणारा) असतो, म्हणजे २२४ चा होतो उणे ३२. इझस्पेसला ईओएफ (फाइल संपल्याची खूण) सोडून उणे संख्या देणं हे अनडिफाइन्ड बिहेविअर आहे, म्हणजे पुढे काय होईल याची हमी नाही. लिनक्सवरची जीलिबसी लायब्ररी ते सांभाळून घेते, मायक्रोसॉफ्टची डीबग लायब्ररी असर्ट मारते, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबवते. आधी अनसाइन्ड कॅरमध्ये कास्ट करा. लॉगच्या पाथमध्ये मराठी फोल्डरचं नाव आलं की हे हमखास समोर येतं.

निळा_कर्सर

शिरोरेषा, हे फार कामाचं आहे. आत्ताच कोड उघडून पाहिला, सगळीकडे एटूआय आहे. विंडोजवर बनवलेली फाइल लिनक्सवर आणली तर अजून काही?

शिरोरेषा

दोन गोष्टी. ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न (विंडोजच्या ओळीच्या शेवटचं जादा अक्षर) उरतो, तो काढला नाही तर पाथच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि एफओपन ‘फाइल नाही’ म्हणतं. दुसरी, बीओएम, म्हणजे फाइल कुठल्या पद्धतीत लिहिली ते सांगणारी खूण. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना फाइलच्या तोंडाशी २३९, १८७, १९१ हे तीन बाइट टाकायचं. मग पहिल्याच ओळीवरचं नाव ‘अनोळखी’ ठरतं आणि स्क्रीनवर तर ते बरोबर दिसत असतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड डीफॉल्टने बीओएम टाकत नाही, पण जुन्या फाइल्स फिरत असतातच. पहिल्या ओळीत ते तीन बाइट दिसले तर ओलांडून पुढे जा.

दशांश सेटिंग्ज असतील तर अजून एक. दशांश वाचणारं स्ट्रटॉड हे लोकेल (यंत्रावर निवडलेल्या भाषेच्या आणि देशाच्या रीती) मानतं. प्रोग्रॅमने किंवा एखाद्या लायब्ररीने सेटलोकेल बोलावलं (जीटीके ही खिडक्या-बटणांची लायब्ररी सुरू होताना डीफॉल्टने बोलावते) आणि यंत्राचं लोकेल जर्मन असलं तर दशांश चिन्ह स्वल्पविराम होतो. मग ०.५ चं शून्य वाचलं जातं. एंडपॉइंटर तपासला तर निदान कळतं तरी. तुमच्या कॅलिब्रेशनसाठी मी पूर्णांकच वापरेन, मिलीव्होल्टमध्ये किंवा दशलक्षांशात.

निळा_कर्सर

आता प्राधान्याचं. फाइलशिवाय कमांड लाइनवरूनही पोर्ट देता यावा अशी मागणी आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही (ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला देते ती नाव-व्हॅल्यूची यादी) हवे म्हणतात. कुणाचं ऐकायचं?

जुना_टर्मिनल

रूढ क्रम असा: सगळ्यात खाली कोडमधले डीफॉल्ट, त्यावर यंत्रभराची फाइल, त्यावर वापरणाऱ्याची स्वतःची (लिनक्सवर एक्सडीजी कॉन्फिग होम, ते नसेल तर घरच्या फोल्डरमधलं डॉट कॉन्फिग), त्यावर एन्व्हायर्नमेंट, आणि सगळ्यात वर कमांड लाइन. जितकं जवळचं आणि ताजं, तितकं वजनदार.

कोड लिहिताना एक पेच येतो. फाइल कुठली वाचायची हेच कमांड लाइनवर दिलेलं असू शकतं, म्हणून ती फाइलच्या आधी बघावी लागते, पण तिच्या व्हॅल्यू फाइलच्या नंतर लागू व्हायला हव्यात. कमांड लाइन दोनदा फिरा. पहिल्या फेरीत फक्त फाइलचा पाथ उचला, दुसरीत बाकी सगळं.

सगळेच प्रोग्रॅम ‘शेवटचा जिंकतो’ पाळत नाहीत. गिटमध्ये एका व्हॅल्यूच्या सेटिंगसाठी शेवटी वाचलेली धरतात. दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या एसएसएचच्या क्लायंटमध्ये उलटं, पहिली मिळालेली व्हॅल्यू पक्की, म्हणून तिथे खास नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली लिहायचे असतात. दोन्ही पद्धती चालतात. एक निवडा आणि मदतीत ठळक लिहा.

आणि एवढे थर केलेत तर प्रत्येक व्हॅल्यू कुठून आली हे साठवा, ही माझी कळकळीची विनंती. कोष्टकाला समांतर एक छोटा ॲरे: स्रोत, फाइल, ओळ. मग एक पर्याय द्या, जो चालू सेटिंग्ज छापून बाहेर पडतो: पोर्ट ५०२०, एन्व्हायर्नमेंटमधून. टाइमआउट ३०, अमुक फाइल, ओळ ९. गिटमध्ये २.८ पासून शो-ओरिजिन आहे. एसएसएच सर्व्हरला मोठा टी दिला की तो लागू झालेल्या सेटिंग्ज छापतो, आणि लहान टी दिला की फक्त फाइल तपासून सांगतो. ‘मी फाइलमध्ये बदललं पण काही होत नाही’ ही तक्रार या एका पर्यायाने निकालात निघते, कारण बहुतेक वेळा दुसरीच फाइल वाचली जात असते.

ब्रेडबोर्ड

मी मायक्रोकंट्रोलरवाला. आमच्याकडे फाइलच नसते, पण कॅलिब्रेशनचा प्रश्न आमचा रोजचा आहे, म्हणून लिहितो.

पहिल्यांदा सगळ्यांना हेच सुचतं: स्ट्रक्ट घ्या आणि एफराइटने जसंच्या तसं फाइलमध्ये ओता. आम्ही ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) ओततो. त्याच यंत्रावर, त्याच बायनरीला ते वाचता येतं. पण फील्ड्सच्या मधल्या पॅडिंगचा (कंपायलर सोडतो त्या रिकाम्या बाइट्सचा) भरवसा नाही, बाइटचा क्रम प्रोसेसरवर ठरतो, आणि लाँग ६४ बिट लिनक्सवर आठ बाइट तर ६४ बिट विंडोजवर चारच. कर्सरला दोन्हीकडे चालवायचं आहे, तेव्हा हे नकोच. दोन आकडे मजकूर म्हणून लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

आम्हाला जागेअभावी बायनरीच लागते. तिथे पहिले बाइट ओळखीचे, मग आवृत्ती क्रमांक, मग लांबी, मग माहिती, शेवटी सीआरसी (माहिती बिघडली का ते कळवणारा तपासणीचा आकडा). ठरावीक रुंदीचे प्रकार वापरायचे, यूइंट१६ वगैरे, आणि स्टॅटिक असर्टने आकार बांधून टाकायचा, म्हणजे कुणी फील्ड वाढवलं की कंपाइलच होत नाही. सीआरसीची सुरुवात शून्याने करू नका. पूर्ण शून्यांच्या मेमरीची सीआरसीही शून्यच येते, आणि शून्यांनी भरलेली चिप या तपासणीत ‘वैध’ ठरते.

प्रती दोन ठेवायच्या, आलटून पालटून लिहायच्या, प्रत्येकीत वाढता क्रमांक. वीज नेमकी लिहिताना गेली तर एक प्रत अर्धवट राहते, सीआरसी जुळत नाही, आणि दुसरी जुनी पण शाबूत प्रत हाती असते. आणि व्हॅल्यू बदलली असेल तरच लिहायची. ॲटमेगा३२८पी च्या ईईप्रॉमची हमी एक लाख वेळा लिहिण्याची आहे. दर मिनिटाला त्याच जागेवर लिहीत राहिलात तर ती सत्तर दिवसही पुरत नाही.

लिंकर_फेल

ब्रेडबोर्डच्या दोन प्रतींची फाइलमधली जोड म्हणजे तात्पुरती फाइल आणि रीनेम. मूळ फाइल ‘डब्ल्यू’ने (लिहिण्यासाठी) उघडली त्या क्षणी ती रिकामी होते. पुढच्या ओळीला प्रोग्रॅम मेला किंवा डिस्क भरली तर जुनं गेलं आणि नवं आलंच नाही. त्याऐवजी त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने लिहा, एफफ्लश, मग एफसिंक (माहिती खरोखर डिस्कवर पोचवणारं), मग एफक्लोज, आणि प्रत्येकाची परतीची व्हॅल्यू तपासा. मगच मूळ नावावर रीनेम. पॉझिक्समध्ये (युनिक्स घराण्याच्या सिस्टिम्सचं प्रमाण) ही अदलाबदल अखंड होते, वाचणाऱ्याला जुनी पूर्ण फाइल दिसते नाहीतर नवी पूर्ण. फोल्डर तोच हवा, कारण दुसऱ्या फाइल सिस्टिमवर रीनेम चालत नाही.

एफसिंक वगळू नका. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम नवी असताना, २००९ मध्ये, यावर मोठी चर्चा झाली होती. प्रोग्रॅम एफसिंक न करता रीनेम करायचे, यंत्र अचानक बंद पडलं की शून्य बाइटच्या फाइल्स सापडायच्या. कर्नलमध्ये नंतर सोय केली गेली, पण सगळ्या फाइल सिस्टिमवर ती असेलच असं नाही.

विंडोजवर सीचं रीनेम आधीची फाइल असेल तर अपयशी होतं. तिथे मूव्हफाइलईएक्स, रिप्लेस एक्झिस्टिंगच्या फ्लॅगसह. आणि लिनक्सवर मूळ फाइल सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असेल तर रीनेम लिंकच्याच जागी नवी फाइल बसवतं. माणसाच्या फाइलच्या बाबतीत हे त्रासाचं, कारण बरेच जण सेटिंग्ज दुसरीकडे ठेवून लिंक करतात. स्थितीची फाइल वेगळी असेल तर हा प्रश्नच येत नाही.

तिरकी_मात्रा

चालू असताना सेटिंग्ज परत वाचायच्या असतील तर? सिगहप (चालू प्रोग्रॅमला बाहेरून पाठवलेला एक सिग्नल) मिळाला की वाचायचं, असं सगळीकडे बघतो.

अनुस्वार

सिग्नल हँडलरमध्ये (सिग्नल आल्यावर मध्येच चालणारं फंक्शन) फाइल वाचू नका. तिथे एफओपन आणि मॅलॉक दोन्ही सुरक्षित नाहीत. फक्त व्होलाटाइल सिग-ॲटॉमिक-टी प्रकारचा एक झेंडा वर करा आणि मुख्य लूपमध्ये तो बघा. मग वर सांगितलेलीच रीत: नवी प्रत, पूर्ण तपासणी, जुळलं तर बदल. जुळलं नाही तर जुन्याच सेटिंग्जवर चालत राहा आणि लॉगमध्ये कारण लिहा. चालू सर्व्हर एका टायपोने बंद पडता कामा नये.

थ्रेड असतील तर जुनी प्रत लगेच मोकळी करता येत नाही, कुणीतरी ती अजून वाचत असेल. निळ्या कर्सरचा प्रोग्रॅम एका लूपचा आहे, त्याला हे लागू नाही. पण कोष्टकात एक रकाना घाला: ही सेटिंग चालू असताना बदलते की नाही. पोर्ट बदलायला सॉकेट परत उघडावं लागतं. ते करायचं नसेल तर ‘पोर्ट बदलला आहे, परत सुरू केल्यावर लागू होईल’ असं छापा. गप्प बसू नका.

निळा_कर्सर

सगळ्यांचे मनापासून आभार. कोष्टक, साधी आयएनआय, कॅलिब्रेशनची वेगळी फाइल आणि ‘सेटिंग्ज दाखव’चा पर्याय, हे नक्की केलं. लॉगरपासून सुरुवात करतो. शेवटची शंका: फाइलमध्ये कोष्टकात नसलेलं नाव आलं तर थांबायचं की इशारा देऊन पुढे जायचं? आणि सर्व्हरचा एक पासवर्ड सध्या कोडमध्ये आहे, तो याच फाइलमध्ये टाकू का?

जुना_टर्मिनल

सुरू होताना अनोळखी नाव आलं तर थांबा. ‘टाइमआउट’च्या जागी ‘टाइमाउट’ लिहिलं गेलं आणि प्रोग्रॅम डीफॉल्टवर चालत राहिला, तर माणसाला वाटतं आपण बदल केला आहे. सेटिंगचं नाव पुढे बदललंत तर जुनं नाव कोष्टकात ठेवा, नव्या ओळीकडे बोट दाखवून, आणि वापरलं गेलं की इशारा छापा. जुन्या फाइल्स चालत राहतील आणि लोक हळूहळू सुधारतील.

पासवर्ड बायनरीत अजिबात नको. बायनरीतला मजकूर छापणारी स्ट्रिंग्ज ही कमांड चालवली की तो कुणालाही वाचता येतो. कमांड लाइनवरही नको, लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची यादी देणाऱ्या पीएसमध्ये तो सहसा सगळ्यांना दिसतो. फक्त पासवर्डसाठी वेगळी फाइल करा, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, आणि मुख्य सेटिंग्जमध्ये तिचा पाथ द्या. परवानगी सैल असेल तर प्रोग्रॅमने ती फाइल वाचायला नकार द्यावा. एसएसएच खाजगी किल्लीच्या फाइलला तसाच नकार देतं. आणि ‘सेटिंग्ज दाखव’मध्ये तिथे व्हॅल्यूच्या जागी फक्त ‘भरलेला’ किंवा ‘रिकामा’ एवढंच छापा. लोक तो छापलेला मजकूर मदत मागताना जसाच्या तसा चिकटवतात.